आधी लॅबचं कार्ड

कालव्याच्या कडेने निम्मी वाट चालून झाली, तरी दादाचं सर्व्हरपुराण संपलं नव्हतं. माझा हा थोरला भाऊ हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतो. मी तिथेच लॅबमध्ये रिपोर्ट देते. वीज जाऊन आली की सर्व्हर आपोआप सुरू व्हायचा, पण रिपोर्ट अडकायचे. मग दादा धावत जाऊन सगळं हाताने सुरू करायचा. त्याची लेक बोलावून थकली, पण अकरा वर्षांत तो तिच्याकडे चार दिवस राहिला नाही.

"अगं, त्या सर्व्हरला नेटवर्कची दोन कार्डं. एक लॅबच्या मशीनकडे, दुसरं वॉर्डांकडे. रिपोर्टचा प्रोग्राम त्यांच्याआधीच उठायचा. कोणी दिसलं नाही की रुसून बसायचा."

"तुझ्यावरच गेलाय."

"गप गं. आता कोणी कधी उठायचं ते फाईलमध्ये लिहून दिलंय. आधी लॅबचं कार्ड, मग वॉर्डांचं. दोन्ही उठली तरच प्रोग्राम."

"चालेल ना? देवाला सांगू का?"

"सांग की, पण चालणारच. दहादा बंद-चालू करून पाहिलंय. पण दहाही वेळा मी शेजारी उभा होतो. हॉस्पिटलचे साहेब म्हणतात, तुम्ही आहात म्हणून चालतं. रविवारी मी लेकीकडे जातोय. दुपारी साहेबांना समोर उभं कर आणि सर्व्हर तूच बंद करून चालू कर. चाललं, तर मी चार दिवस तिकडेच राहीन. मधे मला फोन मात्र करू नकोस."