एकतीस नकाशांची खोली

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. पण यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या नकाशे विभागात चौतीस वर्षं काढल्यावर सगळे त्यांना आराखडेसाहेबच म्हणायला लागले. ते इतकं अंगवळणी पडलं की निरोपाच्या पत्रावर टंकलेखकानं तेच आडनाव छापलं, आणि साहेबांनीही मुकाट्यानं त्याखाली सही केली.

कुठलं यंत्र कुठे ठेवायचं, दोन यंत्रांत किती जागा सोडायची, कामगारानं कुठे उभं राहायचं, हे ठरवणं त्यांचं काम. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही यंत्राला हात लावला नव्हता. लेथवरच्या एका कामगारानं त्यांना जिन्यात गाठून एकदा विचारलं होतं, "साहेब, माझ्या पाठीमागं तुम्ही दोन फूट सोडलेत, त्यात मी अकरा वर्षं उभा आहे. एकदा येऊन बघा की उभं राहून!" साहेब हसले होते. पण ते बोलणं कुठेतरी रुतून बसलं असावं, कारण निरोपसमारंभात आभार मानायला उठले आणि भलतंच बोलून गेले: "आता मी स्वतःच्या हातानं काहीतरी करणार. घरी सुतारकामाचं छोटं वर्कशॉप टाकणार."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोनंही वाजवल्या. मग तिचे हात थांबले, कारण ही बातमी तिलाही आत्ताच कळत होती.

लेकीचं लग्न झाल्यापासून मागची खोली रिकामीच होती. बारा फूट बाय दहा फूट, एक खिडकी, आणि स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या घरातल्याच बोळात उघडणारं एक दार. साहेबांनी एका दिवसात ती धुऊनपुसून लख्ख केली. बायको दारात येऊन उभी राहिली.

"पहिलं काम माझं हं," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात डब्यांसाठी एक फळी हवीय."

"एवढंच ना? आधी जागा नक्की होऊ दे. मग यंत्रं, मग फळी."

जागा नक्की व्हायला सुरुवात झाली. साहेबांनी खोलीचा नकाशा काढला आणि कामाचं टेबल, करवतीचं मशीन, भोकं पाडायचं मशीन, हत्यारांचं कपाट अशा सगळ्यांचे प्रमाणात पुठ्ठे कापले. सकाळी चहा झाला की ते हे पुठ्ठे कागदावर सरकवायला बसत. टेबल खिडकीखाली ठेवावं तर उजेड थेट डोळ्यांत येई. ते भिंतीला लावावं तर करवत दारात येई. एका महिन्यात चार नकाशे झाले. प्रत्येकावर क्रमांक, तारीख आणि कोपऱ्यात सही.

सहाव्या नकाशाला आठ फुटी फळी आडवी आली. म्हणजे फळी घरात नव्हतीच, पण साहेबांच्या डोक्यात होती. आठ फुटांची फळी करवतीतून काढायची तर अलीकडे आठ फूट हवेत, पलीकडेही आठ. खोली तर बाराच फुटांची. साहेबांनी दोन रात्री तळमळून काढल्या आणि तिसऱ्या सकाळी टेप घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरले.

"करवत दाराच्या समोर ठेवायची," ते म्हणाले. "म्हणजे फळी कापून झाली की बोळातून सरळ इथपर्यंत येईल."

"इथपर्यंत म्हणजे? इथे मी उभी असते."

"तेवढ्यापुरतं तू जरा डावीकडे."

"डावीकडे शेगडी आहे."

साहेबांनी शेगडीचं माप घेतलं.

बोळात तिचं शिलाई मशीन होतं. तीन फूट बाय दोन फुटांची जागा, वर एक दिवा, बाजूच्या खिळ्याला कात्री. एवढ्यात बसून ती आळीतल्या निम्म्या घरांचे पडदे, उशांचे अभ्रे आणि झबली शिवून देत असे. सतराव्या नकाशात साहेबांनी ते मशीन दोन फूट मागे ढकललं, आणि बायकोनं तो नकाशा शांतपणे उलटा करून त्याच्या पाठीवर एका गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतलं. अठरावा नकाशा त्या मशीनला वळसा घालून गेला.

कागदावर मन भरेना तेव्हा साहेबांनी खडू आणला. पंचविसावा नकाशा त्यांनी फरशीवर पूर्ण आकारात काढला: हे टेबल, ही करवत, हे कपाट. मग ते त्या रेघांमधून हातात नसलेल्या फळ्या घेऊन फिरू लागले. वळताना कोपर नसलेल्या कपाटाला लागतंय असं वाटलं की "अर्र!" म्हणून थांबत आणि रेघ चार बोटं सरकवत. खोली झाडायला बायको आली तर तीही टेबलाला वळसा घालून जायची. पहिल्यांदा तिनं ते चिडून केलं, मग तिला सवय झाली. तिची थोरली बहीण एकदा राहायला आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून खिडकीतून बघत होती.

"ताई, जरा बाजूला व्हा," साहेब दारातून म्हणाले. "तुम्ही करवतीवर उभ्या आहात."

ताईंनी टुणकन उडी मारली आणि घाबरून पायाखाली पाहिलं. संध्याकाळी त्यांनी बहिणीला हळूच विचारलं, "हे पहिल्यापासूनच असे, की हल्ली?"

चौदा महिन्यांनी एकतिसावा नकाशा झाला. त्यात काढायला-घालायला काही उरलं नव्हतं. त्यावर कोणा जाणत्याची मोहोर हवी म्हणून साहेबांनी दोन गल्ल्या पलीकडच्या सुताराला बोलावलं. आळीत त्याला मिस्त्री म्हणत. लाकडाची कड सरळ आहे का ते बघता बघता त्याला एक डोळा मिटायची सवय लागली होती, ती इतकी की माणसाशी बोलतानाही तो एक डोळा मिटूनच बोले. समोरच्याला वाटे, आपण वाकडे तर नाही ना?

साहेबांनी त्याला अर्धा तास सगळं समजावलं. उजेड कुठून, माणूस कुठून, हातातलं हत्यार ठेवायचं कुठे, भुसा कुठे पडणार. मिस्त्री रेघांच्या आत जपून पाय टाकत फिरला, त्यानं मान डोलावली.

"झ्याक आहे साहेब. असं मी कुठं बघितलं नाही." मग त्यानं एक डोळा मिटून चारी भिंती न्याहाळल्या. "फक्त लाकूड कुठं ठेवणार?"

साहेब खडूच्या रेघांमध्ये शोधू लागले.

"म्हणजे फळ्या हो. ओंडके, तुकडे. मशीन नसलं तरी चालतं एकवेळ, पण लाकूड लागतंच की."

मिस्त्री गेल्यावर साहेबांनी एकतीस नकाशे एकामागून एक उलगडून पाहिले. नवव्यात पाहुण्यासाठी स्टूल होतं. चौदाव्यात चहाचा कप ठेवायला कोनाडा होता. बाविसाव्यात हात धुवायची सोयही होती. लाकडाला जागा एकातही नव्हती. ते फरशीवर बसले, नेमके कपाटाच्या जागी, आणि जेवायला हाक आली तरी उठले नाहीत. शेवटी बायको ताट घेऊन आली. येताना या वेळी तिनं वळसा घातला नाही, टेबलावरून सरळ चालत आली.

चार दिवस ते धुमसत होते. पाचव्या दिवशी, हा शहाणा स्वतः लाकूड कुठे ठेवतो ते बघू, म्हणून मिस्त्रीच्या दुकानात गेले. तिथे सगळीकडे लाकूडच होतं. मिस्त्री एक खुर्ची जोडत होता. सरस घ्यायला तो फळ्यांवरून ओलांडून पलीकडे गेला, परत आला, पटाशी राहिली म्हणून पुन्हा गेला, येताना दर वेळी त्याचा गुडघा त्याच एका ओंडक्यावर आपटे आणि तो त्या ओंडक्याला शिवी हासडे. साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. तासाभरात मिस्त्री एकसष्ट वेळा उठला होता.

"मिस्त्री, हा ओंडका इथे किती वर्षं आहे?"

"सहा-सात असतील."

"हलवत का नाही?"

मिस्त्रीनं एक डोळा मिटून ओंडक्याकडे पाहिलं, जणू आत्ताच त्याची ओळख झाली. "हलवू कुठं? जागा कुठाय?"

साहेबांनी बत्तिसावा नकाशा त्या दुकानाचा काढला. दोघांची आठवडाभर भांडणं झाली. टेबल खिडकीखाली घ्यायला मिस्त्री तयार नव्हता, आणि साहेब भुशाचा ढीग टेबलाखाली राहू देईनात. पण नकाशाप्रमाणे दुकान लागलं आणि मिस्त्रीचं उठणं एकसष्टवरून नऊवर आलं. पहिले दोन दिवस तो उगाचच उठून फेरी मारून येई, करमेना म्हणून.

अडचण एकच उरली. दुकानात टेबल, हत्यारं, माणूस सगळं नीट बसलं, पण लाकूड बाहेर पडलं. त्याला कोरडी, हवेशीर, रिकामी खोली हवी होती. अशी खोली आळीत एकच होती. एका सकाळी मिस्त्रीच्या फळ्या हातगाडीवरून आल्या आणि मागच्या खोलीत छतापर्यंत रचल्या गेल्या. खडूच्या रेघा त्याखाली कुठच्या कुठे गेल्या.

बायकोची फळी त्यातूनच निघाली. ती मिस्त्रीनं कापली, पण रंधा साहेबांनी मारला, मिस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून, अख्खा दिवस. हाताला फोड आले आणि फळी एका टोकाला चांगलीच पातळ झाली. साहेब ती दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी घेऊन आले. बायकोनं तिच्यावरून हात फिरवला, पातळ टोक तिच्या लक्षात आलं, आणि त्या बाजूला तिनं हलके डबे मांडले. "छान झालीय," ती म्हणाली. त्यावर साहेब बराच वेळ फळीकडेच बघत उभे होते.

पुढे आपलं दुकान लावून घ्यायला लोहार आला, मग चपला शिवणारा, मग एक घड्याळजी, ज्याचं दुकान कपाटाएवढं होतं. नकाशांचा आकडा पन्नाशीच्या पुढे गेला. घरात लाकूड दिसतं आणि साहेब कानाला पेन्सिल लावून फिरतात, म्हणून नव्यानं राहायला आलेले लोक त्यांना सुतारच समजू लागले. परवा एक नवरा-बायको दारात आले. खाट करून मिळेल का, म्हणून विचारू लागले.

"लाकूड मिळेल," बायको शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "नकाशा मिळेल. खाट तेवढी मिळत नाही."

आतून साहेबांचा आवाज आला, "अगं, पण खोली केवढी आहे ते विचार ना त्यांना आधी!"