बिनभात्याची पेटी

लहानपणी आईबरोबर भांडी घ्यायला गेलं की ती आधी भांडं हातात तोलून बघायची. पातेलं हलकं लागलं, तर दुकानदार काही बोलायच्या आत परत फळीवर. आमच्याकडे चांगल्या वस्तूची परीक्षा अशीच, वजनावर. त्यामुळे गिरगावातल्या त्या घरात मी जुना कीबोर्ड एका टोकाने उचलायला गेले आणि तो जागचा हलला नाही, तेव्हा मनात म्हटलं, हाच.

विकणाऱ्या बाई पियानो शिकवायच्या. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. याच्या पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या मुद्दाम जड केलेल्या आहेत. याचा स्वतःचा आवाज आता गेला आहे, पण संगणकाला जोडला तर संगणकातला हवा तो आवाज यावर वाजवता येतो. म्हणजे मिडी कंट्रोलर म्हणून अजून उत्तम. त्यांनी एक पट्टी दाबून दाखवली. ठप् असा लाकडावर बोट आपटल्यासारखा आवाज आला, बाकी शांतता.

"वाजवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच," मी म्हटलं. शाळांच्या गॅदरिंगची गाणी मी संगणकावर बसवायचे, त्यामुळे ते खपून गेलं. खरा वाजवणारा लालबागला, आमच्या खोलीत खिडकीशी बसलेला होता.

बाबा कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते आणि चाळीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा हात गेला. उजवा ठणठणीत. पण पेटीचं दुखणं असं, की सूर उजव्या हातात आणि भाता डाव्या हातात. मंडळातले लोक म्हणाले, भाता आम्ही मारतो, तुम्ही नुसती बोटं फिरवा. बाबा उखडले. "पेटी म्हणजे एका माणसाचो श्वास. माझो भातो दुसऱ्यान मारूचो नाय." पेटी चादरीत गुंडाळून माळ्यावर गेली आणि बाबा गप्प झाले. मांडीवर ठेकासुद्धा धरेनात. मला त्यांना एकदा, फक्त एकदा, परत वाजवताना बघायचं होतं.

कारण माझं सगळं लहानपण त्या पेटीत आहे. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी लहान होते. त्या दिवसांचं लोक काय काय सांगतात, आणि ते खरंच आहे. बिनदुधाचा चहा मीही प्यायले आहे, आईला शेजारणीकडून वाटीभर तांदूळ पदराखाली आणताना पाहिलं आहे. पण माझ्या आठवणीत संप म्हणजे दुपार. गिरणीचा भोंगा वाजायचा बंद झाला होता, आणि हवा कशी रिकामी, मोठी झाल्यासारखी वाटायची. बाबा चक्क दुपारचे घरी! ते गॅलरीत चटई टाकून पेटी काढायचे. दोरीवरचे कपडे हलायचे, ऊन कठड्यावरून हळूहळू आत यायचं, आणि सूर गॅलरीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचे. मी पेटीच्या मागे डोकं करून झोपायचे. भात्याचा वारा कपाळावर यायचा आणि जायचा. तेव्हा मला वाटायचं, आपण श्रीमंत झालो. ज्याचे बाबा दुपारी घरी, तो श्रीमंत, असा माझा सरळ हिशोब होता. पुढे बाबा एका इमारतीत वॉचमन झाले आणि दुपारी संपल्या.

असो. तर कीबोर्ड टॅक्सीच्या डिकीतून अर्धा बाहेर लोंबत घरी आला. चाळीतल्या दोघांनी तो जिन्यावरून चढवला आणि वर येईपर्यंत मला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या असणार. मी संगणकात पेटीचा आवाज लावला आणि बाबांची खुर्ची पुढे ओढली.

बाबांनी कीबोर्ड चारी बाजूंनी निरखला. "हेचो भातो खय आसा?"

"लागत नाही बाबा. नुसतं वाजवायचं."

पेटीवर ठेवतात तसं त्यांनी हलकं बोट ठेवलं. काहीच वाजलं नाही. "ढकलूक लागता गो हेका," ते म्हणाले आणि त्यांनी पट्टी दाबली. सूर आला. त्यांनी दोन ओळी वाजवल्या आणि हात काढून घेतला.

"सूर काठीसारखो सरळ जाता. हेका श्वासच नाय." खुर्ची परत खिडकीशी गेली.

मला संताप आला. त्यांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. पेटीवाल्या माणसासाठी पियानोच्या जड पट्ट्या आणणारी शहाणी मीच. "तुम्हाला ना, कशातच गोडी उरली नाही!" मी म्हटलं.

दोनेक दिवसांनी मला सुचलं. कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक सरकती कळ होती. ती मी संगणकात अशी जोडली, की वर सरकवली की सूर फुगावा, खाली आणली की विरावा. म्हणजे भाताच. बाबांना पुन्हा बसवलं आणि कळ माझ्या हातात घेतली. पण मी दर वेळी मागेच पडायचे. ओळ संपायची आणि माझा सूर तिथेच लटकत राहायचा.

"तुझो श्वास वेगळो, माझो वेगळो," बाबा वैतागून म्हणाले.

तेवढ्यात आई स्वयंपाकाच्या ओट्याकडून आली. पदराला हात पुसले. "सर गो," असं म्हणून तिने मला बाजूला केलं आणि कळीवर दोन बोटं ठेवली.

"तुका काय कळता?" बाबा म्हणाले.

"तुम्ही वाजवा."

तिला तोंडघशी पाडायलाच असेल, त्यांनी एका अभंगाची अवघड चाल धरली. जड पट्ट्यांमुळे ती संथ निघाली, पाण्यातून चालावं तशी. आणि आईचा हात प्रत्येक ओळीच्या आधीच वर जायचा. बाबा जिथे सूर लांबवायचे, तिथे ती भरायची. ते वळण घ्यायच्या आत ती खाली यायची. आमच्या चाळीत बायका भजनाला बसत नसत. ती आयुष्यभर दाराआड पापड लाटत ऐकत होती, आणि आम्हाला वाटत होतं की ती नुसते पापड लाटते आहे. तिने डोळे मिटले होते. खोली, खिडकी, खालचा रस्ता, सगळं जणू लांब गेलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

चाल संपली. बाबा पट्ट्यांकडेच बघत होते.

"मधे भातो उशिरा मारलंस," ते म्हणाले.

"तुम्हीच आधी थांबलास. तुमचो श्वास आता आधीसारखो पुरणा नाय."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"मग तू आसस मा?" ते म्हणाले, आणि त्यांनी तीच चाल पहिल्यापासून धरली.