जाड स्फटिक

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स विभागात मागच्या बाजूला एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत भट्टी होती. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेली, आडव्या नळीची. मॉलिब्डेनम आणि सेलेनियमची पूड क्वार्ट्झच्या बंद नळीत घालून आत सरकवायची, एक टोक जास्त तापवायचं, दुसरं थोडं कमी, आणि आठवडा-दीड आठवडा वीज जाऊ नये अशी आशा करत बसायचं. एकलहऱ्याचं वीजकेंद्र एवढं जवळ, पण जायची तेव्हा वीज जायचीच. नाही गेली, तर कमी तापलेल्या टोकाला काळसर चकचकीत पापुद्रे सापडायचे. ते आमचे स्फटिक.

नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं. मी एम.फिल. करत होतो, तीही. ती कळवणकडची, माझ्या मागून आलेली, वडील प्राथमिक शिक्षक. ती मला अहोजाहो करायची, मी तिला अगंतुगं. गाईड सर दोघांचे एकच.

हे स्फटिक म्हणजे थरावर थर. थराच्या आत अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, पण एका थराची दुसऱ्यावर पकड अगदी सैल. म्हणून वीज थराच्या अंगाने सहज धावते आणि आरपार जायचं म्हटलं की अडते. किती अडते, हे मोजणं तिचं काम. माझं काम उजेडाचं: कुठला रंग स्फटिकातून पार होतो, कुठला आत मुरतो. मला पातळ पापुद्रा लागायचा, चिकटपट्टी लावून सोललेला. तिला हवा होता जाड तुकडा, कारण वर आणि खाली चांदीचा लेप देऊन, तारा जोडून, मधून वीज पाठवायची होती. पातळ पापुद्रे ढिगाने निघत. जाड काही निघेना.

निघाला तो तिच्या एम.फिल.च्या शेवटच्या उन्हाळ्यात. नखाएवढा, पण चांगला जाड, वरची बाजू आरशासारखी. तिने तो चिमट्यात धरून डोळ्यांसमोर नेला आणि त्यात बघून टिकली सरळ केली.

"अख्ख्या कळवणात एवढा महागाचा आरसा कुणाकडे नसेल," ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली तेव्हा तिच्याकडे बघायचं टाळून मी भट्टीच्या काट्याकडे बघत राहिलो. दोन वर्षं मी असाच बघत आलो होतो. तिच्याशी खूप बोलायचो, पण ते सगळं सेलेनियमबद्दल.

मग तिने सहज सांगितलं की, वडिलांशी तसं ठरलंय: रीडिंग झाली की सामान आवरायचं, लिखाण घरी बसून. पंधरा दिवसांत होईल म्हणाली. जाड तुकडा नसता, तर पुन्हा नळी भरायची, भट्टी रिकामी व्हायची वाट बघायची, पुन्हा वाढवायचं. तीन महिने कुठे गेले नसते. हा हिशोब मी मनात केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्टेलवर जेवायला गेली असताना स्फटिकाच्या कडेत ब्लेडचं पातं सरकवलं. फारसा जोर लागला नाही. वहीची पानं उघडावीत तसा तो उघडला. मग दोन्ही अर्धे तुकडे पुन्हा एकमेकांवर ठेवले. ते इतके बेमालूम बसले की कडेला बघूनही कळू नये. कडेला तशाही थरांच्या रेघाच असतात. मला वाटलं होतं, आपोआप सुटला असं ती धरून चालेल.

तिने वरच्या बाजूला लेप दिला, सुकवायला जरा तापवला, आणि उलटा करायला चिमट्याने उचलला. अर्धा चिमट्यात राहिला, अर्धा खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ती रडली नाही. हाताकडे बघत म्हणाली, "माझा हातच जड आहे."

मी शेजारी उभा होतो.

सर म्हणाले, असं होतं, पुन्हा वाढवू. पण वडील कळवणहून आले. सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला, तीन महिन्यांची मुदत मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचा खडा परत उगवंल. पोरीचं वय परत येत नाय." त्याच संध्याकाळच्या गाडीने ती गेली. एम.फिल. राहिलं ते राहिलंच. तीन महिने मिळवायला गेलो होतो, हातचे पंधरा दिवसही गेले.

पुढे मी ज्युनियर कॉलेजात लागलो. दोन हजारनंतरच्या एका फेब्रुवारीत बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक म्हणून कळवणला गेलो. स्टाफरूममध्ये ती होती. तिथल्या फिजिक्सच्या सरांनी ओळख करून दिली, की या मॅडम खरं तर आमच्याच विषयाच्या, पण शिकवतात गणित. लॅबमध्ये बोलावलं की म्हणतात, माझ्या हातून वस्तू फुटतात. तीही हसली. तेच हसू, आणि मला पुन्हा कुठे बघावं कळेना.

ते सर बॅच बसवायला गेले. आम्ही दोघंच उरलो.

"तो स्फटिक तुझ्या हातून नव्हता तुटला," मी म्हणालो. "मी आधीच चिरला होता."

तिने कप खाली ठेवला. "कशाला?"

"मला पातळ पापुद्रा हवा होता."

"पातळ तर ढिगाने होते."

ती माझ्याकडे बघत थांबली. खरं कारण सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती, आणि मी टेबलावरच्या उत्तरपत्रिका सरळ करत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "म्हणजे माझा हात जड नव्हता." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मग एवढंच म्हणाली, "सरांना सांगा. त्यांना अजून वाटत असेल, मी घालवला म्हणून."

पुढच्या रविवारी सरांकडे गेलो. ते निवृत्त होऊन गंगापूर रोडला राहत होते. सगळं सांगितलं. त्यांनीही तेच विचारलं, कशाला रे? त्यांना मात्र सांगता आलं: ती जाऊ नये म्हणून.

सर म्हणाले, "हे मला काय सांगतोस? तिला सांग."

तिला सांगितलेलं नाही. तिचा संसार आहे, मुलं मोठी झाली असतील, आता हे तिच्या दारात नेऊन टाकण्याचा मला काय अधिकार, असं मी स्वतःला समजावत आलो. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की मी पापुद्र्यासाठी ते केलं एवढंच ती धरून बसली असेल, तर मी तिच्या लेखी फक्त लबाड ठरतो, आणि लबाड ठरणं मला सोपं जातं. म्हणून इथे लिहिलं. ती वाचेल असं वाटत नाही. तरी लिहिताना मी तिला अगंतुगं करूनच वाक्यं जुळवत होतो, आणि मग एकेक खोडून ‘ती’ करत गेलो.