ब्रेक लागणारी गाडी

माजिवड्याच्या नाक्यावर त्या दिवसांत कुणालाही विचारा, त्र्यंबकरावांची लॉरी चालवतो कोण? आनंदा. आणि थांबवतो कोण? दगडू. हे दगडूनेच सगळ्या नाक्याकडून पाठ करून घेतलेलं. पण खोटं नव्हतं ते.

लॉरी होती लढाईतली. लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पात लिलाव झाला, त्यात नौपाड्याच्या त्र्यंबकरावांनी घेतलेली. त्यांचा धंदा वाळू, विटा, कौलं पुरवायचा. ठाण्यात, डोंबिवलीत नवी घरं उठत होती, माल पुरा पडत नव्हता. लॉरीचं इंजिन हत्तीचं, पण ब्रेक म्हणजे नुसतं देवाचं नाव. आनंदा पेडलवर दोन्ही पायांनी उभा राहायचा, तेव्हा कुठे ती मंदावायची, आणि शेवटचे दोन हात तरी सरकायचीच. ते दोन हात दगडूचे. बाजूच्या फळीवरून उडी मारायची, काखेतला बाभळीचा ठोकळा घेऊन धावायचं, आणि चाक जिथे येऊन टेकणार तिथे तो आधीच ठेवायचा. चाक येऊन त्यावर बसायचं, कोंबडी अंड्यावर बसावी तसं. सात वर्षांत एकदा चुकला नाही. मुंब्र्याच्या चढावर नाही, खाडीकाठच्या रेतीबंदरातल्या उतारावर तर नाहीच. तिथे लॉरीचं तोंड वर रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे. ठोकळा चुकला तर वाळूसकट लॉरी खाडीत.

"लायसन त्याचं, गाडी माझी," असं तो चारचौघांत म्हणायचा. आनंदा हसायचा. त्याला राग यायचा नाही, कारण लायसनसुद्धा दगडूचंच म्हणायचं. बाप गेला तेव्हा दगडू बारा वर्षांचा, आनंदा चार. दगडूची शाळा आधीच दुसरीत सुटली ती सुटली. पण धाकट्याला त्याने चौथीपर्यंत रेटला, गॅरेजात ठेवला, साहेबापुढे परीक्षेला उभा केला. लायसनचा कागद हातात आला त्या दिवशी दगडूने तो साऱ्या माजिवड्याला दाखवला. वाचता येत नव्हता, उलटा धरलेला, तरी दाखवला. "आमच्या घरातला ड्रायव्हर आहे हा. सरकारने लिहून दिलंय." एवढी छाती दुसऱ्या कुणाची फुगली असेल तर सांगा.

चोपन्नच्या दसऱ्याला त्र्यंबकरावांनी नवी पिकअप आणली. हिरवी, चकचकीत, नौपाड्याच्या गल्लीबोळांत शिरेल अशी. झेंडूचे हार घातले, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि लॉरी भंगारात गेली. दगडू आपला ठोकळा घेऊन नव्या गाडीत चढला.

पहिल्याच खेपेला कोंबडी आडवी आली. आनंदाने सवयीप्रमाणे पेडलवर सगळं अंग टाकलं. गाडी जागच्या जागी खिळली. दगडूचं कपाळ काचेवर आपटलं आणि मागची मंगळुरी कौलांची चवडच्या चवड पुढे येऊन फुटली.

"मेल्या, जीव घेतोस काय!"

"दादा, मी नुसता पाय ठेवला रे."

"ठेवला? नाचलास त्याच्यावर!"

त्र्यंबकरावांनी फुटकी कौलं बघितली आणि शांतपणे म्हणाले, "आनंदा, हा तेलाचा ब्रेक आहे. पायातला जोर आता घरी ठेवून येत जा."

आनंदा आठ दिवसांत शिकला. वहाणा काढून गाडी चालवायला लागला. पेडलवर नुसती बोटं टेकवायची, तान्ह्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तशी. गाडी लोण्यासारखी थांबायची. मग तो हँडब्रेकचा दांडा ओढायचा, खट्‌ खट्‌ खट्‌, आणि गाडी उतारावरसुद्धा डोंगरासारखी उभी. पहिले काही दिवस वर गियरही टाकून ठेवायचा, पुढे पुढे तेही सोडलं. इतका त्याचा त्या दांड्यावर विश्वास बसला.

दगडूला मात्र जमेना. त्याच्या अंगात ते सरकणारे दोन हात भिनलेले. गाडी मंदावली की पाय आपोआप उडी मारायचे, तो धावत जाऊन नेमक्या जागी ठोकळा ठेवायचा आणि चाक यायचंच नाही. ते मागेच, दोन हातांवर, निवांत उभं. मग दगडू वाकून ठोकळा उचलायचा आणि चाकापाशी नेऊन लावायचा. रेतीबंदरात वाळूच्या पाट्या वाहणाऱ्या बायका होत्या, त्यांना फुकटचा तमाशा. त्यांतली बायजा तोंडाची फटकळ.

"अरं दगरू, गारी कवाच उभी रायली! तू कुनाला धरायला धावतंस?"

"तुला धरायला," दगडू म्हणायचा.

"मना धरशील तं पाटी तुझ्याच डोक्यावर टाकीन. जा, त्यो ठोकला घरी ने, तुझ्या हौसाबाईला चुलीत घालाया होईल."

बायका हसायच्या. आनंदाही हसायचा एखादवेळी, मग दादाकडे बघून तोंड फिरवायचा. "दादा, तू बस ना आत. उगाच कशाला धावतोस?" तो चांगल्या मनानेच म्हणायचा. पण ज्याने सात वर्षं गाडी थांबवली त्याला 'बस आत' म्हणणं म्हणजे काय, ते धाकट्याला कळत नाही. धाकट्यांना थोरल्याचं काहीच कळत नाही, त्यांना सगळं आयतं मिळालेलं असतं.

दिवाळी झाली आणि त्र्यंबकरावांनी दगडूला वखारीत बोलावलं.

"दगडू, पिकअपला एक माणूस पुरे. तू उद्यापासून वखारीत बस. फाटकावर. उन्हातान्हात हिंडणं नको, बरं पडेल तुला."

"साहेब, उतारावर?"

"अरे, उतारावर ब्रेक आहे ना."

"ब्रेक लोखंडाचा. लोखंडाचा काय भरवसा?"

"आणि लाकडाचा आहे?" त्र्यंबकराव हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "बरं, सोमवारी मी वाळू बघायला बंदरात येणार आहे. तोवर जा तू गाडीबरोबर. मग फाटक."

फाटक! वखारीच्या फाटकावर आधी एक आंधळा म्हातारा बसायचा. त्याच्या जागी दगडू.  चार दिवस तो पिकअपमध्ये बसून नुसता आनंदाच्या हाताकडे बघत राहायचा. दांडा कसा ओढतो, आणि सोडताना वरचं बटण अंगठ्याने दाबून कसा खाली ढकलतो. वाचता येत नसलं तरी डोळे होते.

सोमवारी सकाळी भरती होती. खाडीचं पाणी उताराच्या निम्म्यापर्यंत आलेलं. आनंदाने गाडी तोंड वर करून लावली, दांडा ओढला, खाली उतरला. दगडूने ठोकळा लावला नाही, हातात घेऊन उभा राहिला. आनंदाला वाटलं, दादा रुसलाय. बायका पाट्या टाकायला लागल्या. अर्धी गाडी भरली तेव्हा वर रस्त्यावर त्र्यंबकराव छत्री घेऊन आले आणि त्यांनी आनंदाला हाक मारली, "इकडे ये रे, होडीतली वाळू दाखव मला. ओली वाटतेय."

आनंदा होडीकडे गेला. त्र्यंबकराव त्याच्यामागून. दगडूने दार उघडलं, बटण दाबलं, दांडा खाली केला, दार लोटलं, आणि मागच्या चाकापाशी येऊन उभा राहिला. त्याने सगळं मनात मांडलेलं. गाडी कुरकुरेल, सुटायला वेळ घेईल, एक हात सरकेल, तो ओरडेल, सगळे वळून बघतील, आणि तो ठोकळा लावेल. बघा साहेब, लोखंडाचा भरवसा.

पण ती लॉरी नव्हती. लॉरी सुटताना कण्हायची. ही आवाजच न करता सुटली. दगडूने ठोकळा ठेवला, ज्या जागी लॉरीचं चाक आलं असतं त्या जागी. चाक त्याच्या आधीच तिथून पुढे गेलेलं. आणि मागे उतारावर, डोक्यावर भरलेली पाटी घेऊन, बायजा वर येत होती. मान वर करून बघता येत नव्हतं तिला.

दगडूने ठोकळा उचलला, दोन ढांगांत गाठलं, आणि ह्या वेळी ठेवला नाही, चाकाखाली दोन्ही हातांनी कोंबला. चाक चढलं, थरथरलं, आणि थांबलं. गाडीची पाठ बायजाच्या छातीपासून वीतभर अंतरावर. दगडूचा डावा हात मात्र ठोकळ्याबरोबर आत राहिला.

गाडी पुढे ढकलून हात काढला तेव्हा दोन बोटं राहिली नव्हती म्हणायची. बायजा पाटी टाकून मटकन खाली बसली आणि त्याचे पाय धरायला लागली. "देवमानूस रं तू, दगरू! मी तुला नाय नाय ते बोलले रं!" एका बाईने लुगड्याचं टोक फाडून हात बांधला.

त्र्यंबकरावांनी दार उघडून आत बघितलं. दांडा खाली. गियर मोकळा.

"आनंदा, ब्रेक ओढला होतास?"

आनंदा गाडीकडे बघत होता. मग त्याने दादाकडे बघितलं. दगडूने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने हाताकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.  

"आनंदा, तुला विचारतोय मी."

"विसरलो, साहेब," आनंदा म्हणाला.

"गियरमध्येही नव्हती."

"विसरलो."

त्र्यंबकराव ओरडले नाहीत. "एक बाई मेली असती. उद्यापासून येऊ नकोस." एवढंच. मग दगडूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझं चुकलं दगडू. गाडीला दोन माणसं पाहिजेतच."

रात्री घरी हौसाबाईने हळद भरता भरता नवऱ्याला विचारलं, "तुमचा हात बरा होईल. भावजींचं काय?"

"मिळेल त्याला दुसरीकडे. लायसन आहे."

पण ठाणं तेव्हा केवढं? उतारावर ब्रेक न ओढणारा ड्रायव्हर म्हणून नाव चार दिवसांत कल्याणपर्यंत पोचलं. कुणी गाडी देईना. आनंदा बायकोला घेऊन कोपरला तिच्या भावाकडे राहायला गेला आणि लाकडाच्या वखारीत हातगाडी ओढायला लागला. जाताना दादाच्या पाया पडला. एक शब्द विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या, गळा धरला असता, तर थोरल्याला काहीतरी म्हणता आलं असतं. त्याने तेवढीही सोय ठेवली नाही.

दगडू पिकअपवर राहिला. नवा ड्रायव्हर भिवंडीचा, त्याला त्र्यंबकरावांची सक्त ताकीद, दगडूने ठोकळा लावल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही. हवं होतं ते सगळं मिळालं. नाक्यावरच्या हॉटेलात शिरला की लोक बाक मोकळा करायचे. "दगडूदादा, ते रेतीबंदरातलं सांगा ना." आणि तो सांगायचा. सांगायला तो कधीच कमी नव्हता. बायजा, पाटी, वीतभर अंतर, दोन बोटं. पण गोष्ट सुरू करायची तर पहिलं वाक्य एकच होतं, की ड्रायव्हर ब्रेक ओढायला विसरला. त्याशिवाय गाडी सुटतच नव्हती. ज्या भावाचा कागद त्याने गावभर मिरवला, त्याला रोज एकदा बेपर्वा ठरवल्याशिवाय त्याच्या मर्दुमकीचं पान उलटत नव्हतं. एकदा तर कुणीतरी चहा सांडला आणि दुसरा म्हणाला, "अरे, आनंदासारखा काय वागतोस?" सगळे हसले. दगडूही हसला. हसावं लागलं.

दीड-दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, आनंदा त्याच हॉटेलात आला. वासे पोचवायला माजिवड्यात आलेला. हातगाडी बाहेर लावलेली, अंग काळवंडलेलं. दगडू आत बसलेला. त्याला बघून आनंदा थबकला, मग समोरच्या बाकावर बसला.

"बरा आहेस, दादा?"

"बरा आहे. तू?"

"बरा."

तेवढ्यात कोपऱ्यातून एक नवा माणूस, आग्रा रोडवरचा ट्रकवाला, म्हणाला, "तुम्हीच का ते चाकाखाली हात घातलेले? सांगा की राव, आम्ही नुसतं ऐकून आहोत." हॉटेलवाल्याने आनंदाकडे बघितलं आणि फडकं घेऊन उगाच टेबल पुसायला लागला.

नको म्हणायला दगडूला काय झालं होतं? पण सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने सुरुवात केली. सोमवार होता, भरती होती, अर्धी गाडी भरलेली. मालक आले, त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं. आणि इथे त्याची जीभ अडली. हजार वेळा बोललेलं वाक्य, पण तोंडातून येईना. त्याने चहा प्यायला. परत तोंड उघडलं, परत मिटलं.

"मग? गाडी सुटली कशी?" ट्रकवाल्याने विचारलं.

आता सांगता आलं असतं. चार माणसं, एक हॉटेल, समोर भाऊ. खरं बोलायला ह्याहून लहान जागा मिळत नाही.

"ड्रायव्हर ब्रेक ओढायला विसरलेला," आनंदा म्हणाला. "मीच होतो तो ड्रायव्हर."

ट्रकवाला वरमला. "असं होय. होतं माणसाकडून."

"होतं," आनंदा म्हणाला. बशीतला चहा संपवला, कप सरळ करून ठेवला आणि उठला. दारात जाऊन त्याने खांद्यावरचं फडकं डोक्याला बांधलं. हातगाडीच्या दांड्या उचलल्याचा आवाज आला, मग चाकांचा.

"मग पुढे, दादा?" ट्रकवाला म्हणाला. "बाई वाचली ना?"

"वाचली," दगडू म्हणाला, आणि पुढचं सगळं सांगितलं. वीतभर अंतर, दोन बोटं, सगळं. एक शब्द गाळला नाही.