झेंडा काचेतून बघायचा

माझा धाकटा भाऊ गाड्यांच्या शर्यतीत गाडी चालवायचा. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. हे सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात आणि लगेच प्रश्न येतो, "मग किती जिंकल्या?" मला या प्रश्नाचा भयंकर राग येतो. सुताराला कोणी विचारतं का, किती दरवाजे जिंकलास म्हणून? पण आपल्या भावाचं काम समजावून सांगायची वेळ माझ्यावर इतक्यांदा आली आहे, की आता एकदाच काय ते सांगून टाकते.

आमचं दुकान सीटांचं. बस, टेम्पो, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, काय आणाल त्याला गादी आणि कव्हर. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. धाकट्यालाही शिवणयंत्रावर बसवून पाहिलं होतं. हात चांगला होता, पण सगळा जीव बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत. काम झालेली गाडी गिऱ्हाइकाकडे पोचवायची म्हटलं की हा किल्ली घेऊन आधीच दारात. वडील म्हणायचे, "याला गादी शिवायची नाही, गादीवर बसायचंय." आणि बसलाच तो. आधी मित्राच्या जुनाट गाडीतून रविवारच्या छोट्या शर्यती केल्या, मग शहराबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांना शिकवायची नोकरी धरली. शिकवायचं म्हणजे काय, तर भरधाव गाडीत परक्या माणसाच्या शेजारी बसायचं आणि आवाज न चढवता म्हणायचं, "ब्रेक लावा. आता लावा."

तिथे त्याला फरशीवाले भेटले. फरशांचा मोठा कारखाना होता त्यांचा, आणि गाडी अशी चालवायचे की भिंतीलाही घाम फुटावा. पण माणूस दिलदार. सहा महिने शिकले, मग शर्यतीची गाडी विकत घेतली आणि धाकट्याला म्हणाले, "अर्धा वेळ मी चालवणार, अर्धा तू. बाकीचं माझ्यावर सोड."

लोकांना वाटतं, शर्यत म्हणजे एक गाडी, एक माणूस. या लांब पल्ल्याच्या शर्यती तशा नसतात. सहा-सहा तास गाडी पळते, आणि दोघं आलटून पालटून चालवतात. एक बहुतेक वेळा मालक असतो, दुसरा पगारी. धाकटा पगारी. मालकाने घालवलेली जागा भरून काढायची, गाडी धडधाकट परत द्यायची, आणि मालकाला दर वेळी सांगायचं की आज तुम्ही मागच्यापेक्षा बरे चाललात. वर्षानुवर्षं त्याचा धंदा हा होता. मधल्या दिवसांत टायरवाल्यांसाठी टायर झिजवून बघायचे, गाडीच्या कंपनीच्या पाहुण्यांना ट्रॅकवर फिरवून आणायचं, आणि घरी मानेला वजन बांधून व्यायाम करायचा. ते सोंग पाहून माझी भावजय आधी आधी पोट धरून हसायची.

आता गादीचं सांगते, कारण ती मी करायची. फरशीवाले आडव्या अंगाचे, धाकटा म्हणजे नुसती काठी. सीट एकच. म्हणून धाकट्यासाठी वेगळी गादी, त्याच्या पाठीच्या मापाची, उचलून काढता येईल अशी. गाडी थांबली की तो छातीवरचं बक्कल फिरवायचा, सगळे पट्टे सुटायचे, एका हाताने गादी उपसायची आणि बाहेर उडी. फरशीवाले आत. मग धाकटा वाकून त्यांचे पट्टे बांधायचा, कारण हेल्मेट आणि मानेला झटका बसू नये म्हणून घालतात ते कडं घातल्यावर खांद्यांवरचे पट्टे स्वतःला धड दिसतही नाहीत. नियम असा, की पट्ट्यांना हात दुसऱ्या चालकानेच लावायचा. बाकीच्यांनी टायर आणि तेल बघायचं.

हे सगळं त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरची गाडीसुद्धा तो तशीच चालवायचा. फाटक दिसलं की याचा पट्टा सुटलाच. पेट्रोल पंपावर तेच, सिग्नलला तेच. भावजय कातावायची, "अहो, गाडी थांबू द्या तरी." तो ओशाळून हसायचा आणि पुढच्या सिग्नलला परत तेच करायचा. आम्ही त्यावरून त्याला किती छळलं असेल.

माझं फरशीवाल्यांशी एकाच गोष्टीवरून बिनसायचं. शेवटचा टप्पा त्यांचा. पहिल्या दिवसापासून त्यांनी ते सांगून ठेवलं होतं, गाडी माझी, झेंडा मी घेणार. झेंडा म्हणजे शर्यत संपल्यावर रेषेवर हलवतात तो, काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा. धाकटा गाडी तिसरी आणून द्यायचा, हे ती पाचवी करून रेषेपार न्यायचे आणि हात हलवायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धाकटा म्हणायचा, "ताई, त्यांची गाडी आहे." एवढंच. तोंडात मूग.

पण शेवटच्या वर्षी नवीन गादीचं माप द्यायला आला तेव्हा बोलला. पाठीला फोम लावून मुकाट्याने बसला होता. मी सहज विचारलं, आता काय राहिलंय तुझं? तर म्हणाला, "एकदा झेंडा काचेतून बघायचाय ग. दर वेळी पडद्यावरच बघतो. आणि पुढे कोणी नसताना." इतक्या वर्षांत त्याने काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. फरशीवाल्यांचा गुडघा गेला होता, हंगाम संपला की गाडी विकणार होते. धाकट्याचं वय असं, की दुसरा कोणी नव्याने घेणार नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच शर्यतीत.

त्या शर्यतीला मी गेले. भावजय घरीच थांबली, म्हणाली मला बघवणार नाही. मला पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, एका कोपऱ्यात स्टूल दिलं आणि कानाला हेडफोन. त्यातून धाकट्याचं आणि टीमच्या मॅनेजरबाईंचं बोलणं ऐकू यायचं. बोलणं कसलं, बाई सांगायच्या आणि हा म्हणायचा, "हं."

पाचवा तास सरला तेव्हा आमची गाडी पहिली होती. आत धाकटा. मागची गाडी चांगली लांब. एकदा शेवटचं थांबून तेल आणि टायर घ्यायचे, फरशीवाल्यांनी बसायचं आणि आणून सोडायची. ते हेल्मेट घालून तयार होते. गुडघा चोळत होते. मग काय मनात आलं कोण जाणे, मॅनेजरबाईंकडे गेले आणि त्यांच्या माइकमध्ये म्हणाले, "अरे ऐक, मी बसत नाही. तूच शेवटपर्यंत ने."

"नक्की, साहेब?"

"नक्की. आज मी आलो तर घालवीन."

"हं," धाकटा म्हणाला. त्या माणसाबद्दल मी इतकी वर्षं जे जे बोलले होते, ते सगळं त्या क्षणी मला गिळावं असं वाटलं. फरशीवाल्यांनी हेल्मेट काढून ठेवलं, कडं काढलं आणि भिंतीला टेकून पाणी प्यायला लागले.

गाडी आली. आमच्या समोर थांबली. टायरवाले धावले, तेलाची नळी लागली. आणि मी बघते तर दार उघडलं. पट्टे सुटलेले, धाकटा अर्धा उठलेला, एक पाय बाहेर, आणि हातात माझी गादी.

तो तसाच थांबला. बाहेर त्याच्या जागी बसायला कोणीच नव्हतं. हेल्मेटमधून त्याचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते मला अजून दिसतात. मी कपाळावर हात मारला. मॅनेजरबाई ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "खाली बस."

तो बसला. गादी नीट बसेना, परत काढली, परत घातली. पट्टे बांधायला कोण? नियमाने फरशीवालेच. बाटली टाकून लंगडत धावले बिचारे. पण त्यांना बांधून घ्यायची सवय, दुसऱ्याचे बांधायचे म्हटलं की एरवीही गोंधळच. खालचा पट्टा वर ओढला, खांद्यावरचा पिळून बसला, मग तो सोडवा. आत धाकटा खुणेने सांगतोय, बाहेर हे भलताच पट्टा ओढतायत. टायर झाले, तेल झालं, सगळे हात वर करून उभे, आणि इतका वेळ मागे असलेली गाडी समोरून पुढे निघून गेली. मग बक्कल खटकन लागलं. फरशीवाले मागे सरले आणि आमची गाडी सुटली.

पुढचा अख्खा वेळ माझा जीव टांगणीला. धाकट्याने कधी चालवली नसेल अशी चालवली. दर फेरीला अंतर थोडं थोडं कमी व्हायचं. मॅनेजरबाई अंतर सांगायच्या, तो "हं" म्हणायचा. शेवटच्या फेरीला शेवटच्या वळणावर तो त्या गाडीच्या बाजूला आला. दोघं तसेच चिकटून रेषेपर्यंत आले. आम्ही सगळे भिंतीवर चढलो होतो. आमच्या गाडीचं नाक त्या गाडीच्या दाराशी होतं. दुसरा आला.

गाड्या परत येऊन उभ्या राहिल्या. टाळ्या वगैरे चालू होत्या तिकडे. तो काही बाहेर येईना, म्हणून मी गेले. दार उघडलं. हेल्मेट काढलं होतं त्याने, केस घामाने चिकटलेले, आणि रडत होता. लहानपणी रडायचा तसाच, आवाज न करता. फरशीवाले माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"झेंडा तरी बघितलास ना काचेतून?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"नाही ग," तो म्हणाला. "त्या गाडीकडे बघत होतो."

फरशीवाल्यांनी नाक पुसलं. पट्टे अजून तसेच घट्ट होते, एक खांद्यावर जरा पिळलेलाच.

"सोड आता," मी म्हटलं.

त्याने बक्कलावर हात ठेवला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "सोडू ना, साहेब?"

"सोड," फरशीवाले म्हणाले. मग त्याने गादी काढून माझ्या हातात दिली.