चपलांवरून घर पारखणारे बबनभाऊ

इमारतीची पारख करायला निघालेले बबनभाऊ कधी मान वर करत नसत. भिंतीला ओल आहे का, गच्चीला तडे आहेत का, असल्या क्षुल्लक गोष्टींत त्यांना रस नव्हता. ते फक्त दाराबाहेरच्या चपला पाहत. "बिल्डिंगीचं पोट चपलेवरून समजते. चपला जास्त, म्हंजे भाडेकरू पक्के," असं पान चघळत सांगत. अर्ध्या यवतमाळानं आपल्या सल्ल्यानं घरं घेतली, हेही तेच सांगत. त्यातला एकही माणूस मला कधी भेटला नाही.

कोण्या पतपेढीत केलेली कारकुनी, एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ स्वतःला जाणकार म्हणवून घेई. अंगात पांढरा सफारी आणि आवाजात असा तोरा, की समोरच्याला प्रश्न विचारायचीच लाज वाटावी. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

माझी थोरली बहीण सुमनताई मात्र त्यांच्या बोलण्याला भुलली. भाऊजी गेल्यावर तिनं राळेगावकडचं शेत विकलं होतं. चार वन बीएचकेची लहानशी इमारत घ्यायची, एकात स्वतः राहायचं, बाकीच्यांच्या भाड्यावर जगायचं आणि भावापुढे हात पसरायचा नाही, एवढंच तिला हवं होतं.

इमारत पाहायला गेलो तो नेमका महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाचा दिवस. वरच्या एका बिऱ्हाडात महालक्ष्म्या बसल्या होत्या आणि पाहुण्यांच्या चपलांचा खच जिन्यापासून थेट शेजारच्या दारांपर्यंत पडला होता. बबनभाऊंचे डोळे चकाकले. शेजारच्या दारांना कुलपं आहेत, हे मी दाखवलं.

"जेवाले गेले असतीन ना! काहून शंका काढून राह्यले?" असं म्हणत ते, ओळख ना पाळख, सरळ पंगतीत जाऊन बसले. बोलावणं नसताना कसं जायचं, म्हणून आम्ही खालीच थांबलो. हनुवटीला आंबील लावून ते परतले तेव्हा त्यांचा निकाल तयार होता. "घेऊन टाका सुमनबाई. चपला पाह्यल्या ना?"

"एकखेप नळ खोलून पाहू काय, बबनभाऊ?" ताईनं भीतभीत विचारलं.

"नळात कायले पाहाता? पाणीच येईन, दूध थोडीच येते!" ते खो खो हसले. ताई ओशाळली आणि तिनं इमारत घेतली.

कुलपांमागे कुणीच राहत नव्हतं. उन्हाळ्यात बोअर आटली, नळ कोरडा पडला आणि महालक्ष्म्यांवालं बिऱ्हाडही टेम्पोत सामान भरून निघून गेलं. ताई लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. मी बबनभाऊंना जाब विचारला, तर म्हणतात, "भाडेकरूच कच्चे निंगाले, त्याले मी काय करू?" इतका कोडगा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलांनाही ते नकोसे झाले. वेगळं राहा म्हणाले. भाड्याचं घर शोधत स्वारी ताईकडेच आली. मी तिथंच बसलो होतो. दारात आमच्या दोघांच्या चपला होत्या, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ताईनं रिकामं घर उघडताच ते तडक मोरीत गेले आणि नळ फिरवला. नुसती हवा आली.

"पाणी किती दिसाआड येते हो इथं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

ताई उंबऱ्यातच उभी होती. "चपला पाहा ना, बबनभाऊ," ती म्हणाली. "नळात कायले पाहाता?"

बबनभाऊ बाहेर आले, आपल्या चपला शोधल्या आणि पायात घालून चालते झाले.