डॉक्टरांचं पहिलं जर्मन हेल्मेट

पोलिसात असताना मी गाड्यांच्या, दागिन्यांच्या आणि एकदा तर घोड्याच्या चोरीचाही तपास केला. पण निवृत्तीनंतर इतकी वर्षं झाली तरी मनातून जात नाही ते एका जर्मन सैनिकाच्या हेल्मेटचं प्रकरण. काळ ऐंशीच्या दशकातला. मी न्यू जर्सीत, पार्सिपनीजवळच्या एका गावात डिटेक्टिव्ह होतो. आमच्या मराठी मंडळात डॉक्टर-इंजिनिअरांची रेलचेल होती आणि पोलीस मी एकटा. अभ्यास न करणाऱ्या मुलांना त्यांच्या आया माझ्याकडे बोट दाखवून धाक घालायच्या. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण कुणाच्या घरचा अलार्म वाजला की पहिला फोन मलाच यायचा.

प्रकरणाची सुरुवात एका निनावी फोनने झाली. आमच्या गावात पहिल्या महायुद्धात लढलेला एक वृद्ध सैनिक नुकताच वारला होता. त्याच्याकडचं जर्मन हेल्मेट एका भारतीय डॉक्टरने लाटलंय, असं फोनवरचा माणूस म्हणाला. निनावी खबर देणारा फार तपशील सांगू लागला की मी आधी त्याचाच शोध घेतो. हेल्मेटच्या माथ्यावरच्या भाल्यासारख्या टोकाला किंचित बाक आहे, समोरच्या पितळी गरुडाचा पंख एका बाजूला झिजलाय, इथपर्यंत त्याला माहीत होतं. अशा वस्तू जमवणाऱ्यांपैकीच कुणीतरी हा असणार हे उघड होतं, आणि दोन-तीन जणांना विचारल्यावर तो सापडलाही. तो अनेक वर्षं त्या म्हाताऱ्याच्या दारी हेल्मेट विकत मागायला जात होता आणि दर वेळी नकार घेऊन परतत होता. म्हणजे खबर खरी असली तरी देणाऱ्याचं मन स्वच्छ नव्हतं.

म्हाताऱ्याचा मुलगा परराज्यातून अंत्यविधीसाठी आला होता. मी त्याला हेल्मेटबद्दल विचारलं. त्याने कपाटावरचा पत्र्याचा गोल डबा काढला, तर आत हेल्मेट नव्हतं, नुसता चुरगाळलेला कागद. त्याने तिथल्या तिथे चोरीची तक्रार दिली. लहानपणी त्या डब्याला हात लावला म्हणून वडिलांचा मार खाल्ल्याचं त्याने मला दोनदा सांगितलं.

हौशी संग्राहकांची सभा फायर स्टेशनच्या हॉलमध्ये भरायची. तिथे एक रीत होती. नव्या सभासदाने आपलं पहिलं हेल्मेट हातात धरायचं आणि ते कसं मिळालं ते सगळ्यांना सांगायचं. मी सभेला गेलो आणि जुन्या लोकांनाही बोलतं केलं. एका पोस्टमनचं पहिलं हेल्मेट काकाच्या खुराड्यात सापडलं होतं, आत कोंबडी अंडी घालायची. एका शिक्षकाने शाळेत असताना सायकल देऊन ते घेतलं होतं आणि घरी सायकल चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं. या लोकांना लग्नाच्या वाढदिवसाची आठवण बायकोने करून द्यावी लागत असेल, पण पहिल्या हेल्मेटच्या दिवशी हवा कशी होती हेसुद्धा ते सांगत. नव्याने सभासद झालेल्या भारतीय डॉक्टरांनी मात्र, पेनसिल्व्हेनियात कुणाच्या तरी दारात जुनं सामान विकायला मांडलेल्या एका गराज सेलमध्ये मिळालं, एवढंच सांगितलं होतं. सगळ्यांना ते खटकलं होतं. मलाही खटकलं.

हे डॉक्टर मूळचे नागपूरचे, हृदयरोगतज्ज्ञ आणि मंडळातलं बडं प्रस्थ. माझ्या वरिष्ठाने, लेफ्टनंटने, मला बाजूला घेतलं. तुमचाच माणूस आहे, केस दुसऱ्या कुणाला देऊ का, असं त्याने सरळ विचारलं. मी नको म्हणालो. डॉक्टरांना स्टेशनवर बोलावलं, त्यांचे हक्क समजावून सांगितले आणि वकील हवा का विचारलं. वकील नको म्हणाले. गराज सेलची गोष्ट त्यांनी पाच मिनिटंही टिकवली नाही.

"म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने दिलं मला," ते म्हणाले. "पण पेशंटकडून असली गिफ्ट घेणं हॉस्पिटलमध्ये अलाऊड नाही. लायसन्स जाईल यार. म्हणून तिथे खोटं बोललो."

"दिलं तेव्हा कोण होतं?"

"कोणीच नाही. मी त्याला तपासायला घरी गेलो होतो. डब्यासकट दिलं. डबा माझ्या बेसमेंटमध्ये आहे, चल दाखवतो."

मी त्यांच्याबरोबर गेलो. वाटेत त्यांनी विनंती केली, की बायकोला यातलं काही कळू देऊ नकोस, तिला बीपी आहे. बायको बँकेत कामाला गेली होती. हेल्मेट फडक्यात गुंडाळलेलं होतं, ते मी ताब्यात घेतलं, पण डबा काही सापडेना. आम्ही खोकी हलवली, फळ्या पाहिल्या, जुन्या सुटकेसही उघडल्या. डॉक्टर घामाघूम झाले होते. मी त्यांना शोधू दिलं. डबा कुठे आहे हे मला ठाऊक होतं. तो आमच्या पुराव्याच्या खोलीत होता, कारण मुलाने तो वडिलांच्या कपाटावरून काढून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ठशांचा अहवाल आला. डब्यावर डॉक्टरांच्या बोटांचे ठसे होते. लेफ्टनंटच्या मते आता शंकेला जागाच उरली नव्हती. म्हातारा आजारी, घरात एकटा, डॉक्टर हेल्मेट काढून घेतो आणि कुणाला कळू नये म्हणून डबा जागच्या जागी ठेवून देतो. एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदाही पकडला गेला होता. प्रॉसिक्युटरकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे, कागद जाणार होते. पुढे खटल्याचा निकाल काहीही लागो, पेशंटच्या घरी चोरी केल्याचा आरोप आला की त्या माणसाची डॉक्टरकी संपल्यातच जमा होती. मला त्यांचा राग आला होता. आपल्या माणसाने असं करावं याचा तो राग होता, आणि तसा राग परक्या चोराचा कधी येत नाही.

कागद पाठवण्याआधी मुद्देमाल पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालायची माझी सवय होती. डबा उघडला. चुरगाळलेला कागद हेल्मेट गुंडाळायचा असेल असंच सगळे समजले होते. मी तो उलगडला. स्वयंपाकघरात वापरतात तसला मेणकागद होता, तुपाने पारदर्शक झालेला, आणि घडीत बेसनाचा चुरा अडकला होता. मी नाकाशी नेला. वेलची आणि जायफळ.

लेफ्टनंटला मी काय समजावणार होतो? आमच्याकडे शेजारणीचा डबा घरात राहून गेला की बाईला चैन पडत नाही, आणि तो परत करताना रिकामा दिला तर त्याहून नाही. साखर घालील, लिंबं घालील, पण काहीतरी घालूनच देईल. म्हणजे डबा खरंच डॉक्टरांच्या घरी गेला होता, आणि चोराची बायको तो असा परत कशाला करेल? मी कोट चढवला आणि थेट बँकेत गेलो.

वहिनींना बाहेर बोलावून डब्याबद्दल विचारलं. त्यांना वाटलं मी लाडवांची रेसिपी विचारायला आलोय.

"हो, मीच नेऊन दिला की," त्या म्हणाल्या. "त्या आजोबांचा इतका छान जुना डबा, ह्यांनी बेसमेंटमध्ये टाकून दिला होता. दुसऱ्याचं भांडं असं ठेवून कसं घ्यायचं? लाडू केलेच होते, भरले आणि दिले. का हो, काय झालं?"

ह्यांना का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. डबा परत केल्याचं कोणी नवऱ्याला सांगतं का, असं त्या म्हणाल्या. आणि खरंच, आमच्या घरातून कुणाचे किती डबे गेले-आले ते मला तरी कुठे ठाऊक होतं.

बायकोचा जबाब नवऱ्याच्या बाजूने असणारच, म्हणून मी म्हाताऱ्याकडे सकाळी येणाऱ्या नर्सला गाठलं. ती आता दुसऱ्या गावी काम करत होती. तिला साडीवर कोट घातलेली बाई लख्ख आठवत होती. लाडू तिनेही खाल्ला होता. लाडू संपल्यावर म्हाताऱ्याने डबा पुन्हा कपाटावर ठेवायला सांगितला आणि तिनेच तो ठेवला होता. आत हेल्मेट असायचं हे तिला माहीतच नव्हतं. लेफ्टनंटने तिचा जबाब वाचला आणि फाईल बाजूला ठेवली.

मुलाला स्टेशनवर बोलावलं, डॉक्टर आणि वहिनींनाही. मुलाचा विश्वास बसेना. इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, मग हे लोक कोण, हा त्याचा प्रश्न होता. हेल्मेट घेऊन जा, एवढंच डॉक्टर दोनदा म्हणाले. शेवटी वहिनी बोलल्या. डबा द्यायला गेल्या तेव्हा त्यांनीही संकोचून म्हाताऱ्याला तेच विचारलं होतं, की घरची वस्तू तुम्ही आम्हाला का दिलीत.

"ते म्हणाले, ज्याच्या डोक्यावर हे होतं तो पोरगा माझ्याच वयाचा होता, मी त्याला ठार मारलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, येणारा प्रत्येक जण किंमत विचारतो. तुझ्या नवऱ्याने विचारलं, तो कोण होता. आजवर मला हे कोणीच विचारलं नाही."

मुलाने टेबलावरच्या हेल्मेटकडे पाहिलं, पण हात लावला नाही. तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. हेल्मेट डॉक्टरांकडेच राहू द्या म्हणाला आणि निघून गेला. हॉस्पिटलला कळवण्यासारखं आमच्या कागदांत काही उरलं नव्हतं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. खोटं पकडलं की तपास संपला असं वाटतं, पण माणूस कशाला घाबरून खोटं बोलतोय हे शोधायचं तेव्हा बाकी असतं. मी पुढे नव्या डिटेक्टिव्हना हे नेहमी सांगत आलो. त्या मुलाबद्दल मात्र मी कुणाला सांगितलं नाही. वडिलांची वस्तू कोणी चोरली हे त्याला आमच्याकडून जाणून घ्यायचं होतं. आम्ही त्याला सिद्ध करून दिलं की चोरी झालीच नाही, वडिलांनीच ती परक्याच्या हाती दिली, आणि त्याचा चेहरा पाहून मला वाटलं की चोरी झाली असती तर ते त्याला सोपं गेलं असतं.